गोजर मास्तरची शिट्टी

शेणव्याचा जैतू बेंजोवाला चांगला वाजवायचा की वाईट, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. माझा सापगावला मांडवाचा आणि जनरेटरचा धंदा. लग्नाच्या मांडवांत बसून बसून माझे कान किटलेत. बँड वळणावर असतानाच मी सांगतो, वाजवणारे किती पाण्यात आहेत ते. पण जैतूचं नाव काढलं की माझी मती गुंग होते. लोक विचारतात, "कसा वाजवायचा हो?" मी म्हणतो, "मोठ्यानं वाजवायचा." त्यापुढं काय सांगू?

माणूस तसा साधा. शेणव्याच्या नाक्यावर सायकल दुरुस्तीची टपरी, पावसाळ्यात घरची थोडी भातशेती आणि लग्नसराईत बेंजो. बेंजो म्हणजे आडव्या लाकडी पेटीवर ताणलेल्या तारा आणि त्यांच्यावर टाइपरायटरसारखी बटणं. एका हातानं बटणं दाबायची, दुसऱ्यानं तारा छेडायच्या. जैतू बोलायला भारी कंजूष. गिऱ्हाइकानं विचारलं, "सायकल आज मिळेल का?" तर हा आधी आभाळाकडं बघायचा, मग चाकाकडं, आणि शेवटी म्हणायचा, "मिळंल." त्याची बायको सकुबाई सांगायची, "मला बघायला आलेला तवा पन असाच बसलेला. मला वाटलं मुका हाय, आन मी हो बोलले."

नव्वदच्या दशकात जैतू गोजर मास्तरच्या पार्टीत होता. किन्हवलीपासून पार मुरबाडपर्यंत त्या पार्टीशिवाय कुणाची हळद लागत नसे. हातगाडीवर आवाज वाढवायचं मशीन, बॅटरी आणि कर्णे, भोवती डझनभर वाजवणारे, आणि सगळ्यांच्या पुढं क्लॅरिनेट घेऊन मास्तर. त्यांच्या गळ्यात लाल दोऱ्यात एक पितळी शिट्टी असायची. पार्टीचा कायदा एकच होता. गाणं सुरू कुणीही करावं, थांबवायचं मात्र मास्तरनं. शिट्टी वाजली की सगळ्यांचे हात एका दमात थांबायचे. शिट्टी नाही तर थांबणं नाही, मग पुढं बैल उधळो की मांडव पडो.

जैतू नवा असताना किन्हवलीच्या एका हळदीत नवरीच्या आत्यानं "बास रे आता" म्हटलं आणि यानं भाबडेपणानं हात उचलला. परत निघताना मास्तरांनी गाडीवरची बॅटरी उचलून जैतूच्या डोक्यावर दिली आणि त्याला शेणव्यापर्यंत पायी पाठवलं. त्या दिवसापासून जैतूनं आपणहून गाणं कधी थांबवलं नाही. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

मग डीजेच्या गाड्या आल्या. दोन हजार सालाच्या आसपास मास्तर वारले आणि पार्टी फुटली. कोण कंपनीत लागला, कोण सहा आसनी रिक्षा चालवायला लागला. उरले तिघं, ज्यांना दुसरं काही येत नव्हतं, किंवा करायचं नव्हतं.

एक जैतू. दुसरा लखमा, तिघांत वयानं मोठा. हा पार्टीत अंगाला वेटोळं घालणारा मोठा पितळी बाजा फुंकायचा. पण पुढचे दात पडले आणि हवा बाजात कमी, बाहेरच जास्त जायला लागली. म्हणून त्यानं कल्याणच्या एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राची चार जाड तारांची गिटार आणली आणि तिच्यावरही बाजाचेच दोन सूर वाजवायला लागला, धुम आणि धाम. तिसरा धाकलू ढोलवाला. मोहाच्या झाडावरून पडून त्याचा खांदा कायमचा धरला होता. टिपरू वर गेलं की खाली कधी येईल ते त्याचं त्यालाही ठाऊक नसायचं. अख्खं शेणवा म्हणालं, तीन तिघाडा, काम बिघाडा. मीही म्हणालो.

मास्तरांच्या दिवसाला त्यांची बायको गुणाबाई हिनं या तिघांना ओसरीवर बोलावलं आणि ती पितळी शिट्टी पुढं ठेवली. "ही आता तुमच्यात असूं द्या," एवढंच बोलली आणि आत गेली. कुणाच्या गळ्यात घालायची ते सांगितलं नाही. जैतूनं लखमाकडं बघितलं, लखमानं धाकलूकडं, धाकलूनं जैतूकडं. शेवटी शिट्टी हातगाडीच्या दांडीला खिळा ठोकून तिच्यावर अडकवली, देवाच्या अंगाऱ्याची पुडी अडकवावी तशी. तिला कुणी हात लावेना.

आता तिघांत क्लॅरिनेट नाही, गाणारा नाही, कॅसिओ नाही. बारा जणांचा आवाज तिघांनी काढायचा म्हणून जैतूनं मशीनचा आवाज शेवटाला नेऊन ठेवला. दुसऱ्याच दिवशी स्पीकरचा पडदा फाटला. बेंजोतून खरखरीत, घोगरा, जाडजूड आवाज यायला लागला. मी म्हटलं, "जैतू, पडदा बदलून घे." तो आभाळाकडं बघून म्हणाला, "ऱ्हाऊं दे. आता भरल्यावानी वाटतंय." तारा तुटल्या तेव्हा शहापुरात बेंजोच्या तारा मिळाल्या नाहीत. यानं टपरीतल्या सायकलच्या ब्रेकची वायर उलगडली आणि तीच ताणून बसवली. आवाज आणखी खाली गेला. धाकलूच्या खांद्यामुळं चाल निम्म्यावर आली. जे गाणं मास्तरांच्या वेळी पोरं उड्या मारत नाचायची, ते आता चिखलातून रेडा चालावा तसं चालायला लागलं.

गावानं आठवडाभर सहन केलं. मग म्हाताऱ्या माणसांनी तिघांना हात जोडले, की बाबांनो, लांब जा. म्हणून ते शेणव्याच्या पलीकडच्या माळावर गेले. उन्हाळ्यात तिथं काळा कातळ, जळालेलं गवत आणि धूळ याशिवाय काही नसतं. लांबवर माहुलीचे सुळके दिसतात, तेही उन्हात पांढुरके. माझा एक जुना जनरेटर होता, धूर जास्त आणि वीज कमी देणारा. तो भाड्यानं कुणी नेत नव्हतं. तो मी त्यांना नेऊ दिला, आणि एका दुपारी डिझेल किती पितो ते बघायला माळावर गेलो.

काय ऐकलं ते नीट सांगता येत नाही. जनरेटरची घरघर, तिच्यात मिसळलेलं लखमाचं धुम आणि धाम, धाकलूचा एकेक जड ठोका, आणि वर जैतूचा बेंजो, कुठल्या गाण्याचा ते ओळखू येईना. एकदा वाटलं हळदीचं गाणं आहे, एकदा वाटलं आरती. पायाखालचा कातळ थरथरत होता. मी रागावलो की मला आवडलं, हेच कळेना. निघून जावं म्हणून मी तीनदा उठलो आणि तीनदा बसलो. आणि ते थांबतच नव्हते. ऊन कलायला लागलं तरी तेच चालू.

तेवढ्यात गावाकडच्या पायवाटेवरून जैतूची पोरगी आली, प्रेमा. तेव्हा शाळेत होती. डोक्यावर भाकरीचं फडकं, हातात कालवणाचा डबा. जवळ येऊन ती सगळ्या गोंगाटावर ओरडली, "बाबा, बास करा! भाकर थंड होते!" तिघांचे हात जागच्या जागी थांबले. जैतू हात धुवायला उठला. पोरीनं फडकं सोडलं आणि चौघं कातळावर जेवायला बसले. मला पण अर्धी दिली. नाचणीची होती.

पुढं तीन-चार वर्षं हे असंच चाललं. माळावर प्रेमा यायची, ओरडायची, गाणं संपायचं. अधूनमधून गरिबाघरची एखादी सुपारीही मिळायची. तिथले हाल काय वर्णावे? लोक नाचायला उठायचे, दोन पावलं टाकायचे आणि गोंधळून उभे राहायचे. पाय कुठं टाकायचा तेच कळायचं नाही. पण निघूनही कुणी जायचं नाही, तोंडं उघडी टाकून बघत राहायचे. एका गावात एक आजोबा बराच वेळ ऐकून मला म्हणाले, "टेस्टिंग झाली का रे? आता गाना चालू करा." आणि शेवट म्हणून नाहीच. डिझेल तरी संपायचं, नाहीतर यजमान तरी येऊन पाया पडायचा.

एकदा मी चिडलो. तिघांना वेगवेगळं गाठून विचारलं. धाकलू म्हणाला, "बेंजो पुढं आसतो. जैतू थांबला का मी थांबन." जैतू म्हणाला, "लखमादादा मोठा हाय. त्याच्याआधी मी कसा थांबू?" लखमा म्हणाला, "ताल धाकलूचा. ताल चालू आसताना हात काढला तर मास्तर काय म्हनतील?" मी कपाळाला हात लावला. म्हटलं, "अरे मास्तर कुठले? ते मसणात गेले! तुमच्यातल्या एकानं ती शिट्टी घ्या आणि फुंका!" तिघांनी माना डोलावल्या. मग तिघांनी एकमेकांकडं बोट दाखवलं. लोक समजत होते की ही यांची काही नवीन तऱ्हा आहे. तऱ्हा कसली? हे तिघं शहाणे एकमेकांचा मान राखत होते, आणि पाव्हण्यांचे कान फुटत होते.

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात प्रेमाचं लग्न ठरलं. मुलगा सरळगावच्या पलीकडचा, मुरबाडच्या कारखान्यात कामाला. व्याही देवराम, मिशीवाला आणि मानपानाला कडक. मांडव माझाच. मी मापं घ्यायला गेलो तेव्हा घरात वाद चालू होता. सकुबाईचं म्हणणं डीजे आणा. जैतू आढ्याकडं बघत बसलेला. मग म्हणाला, "पोरीच्या हळदीला आमीच वाजवनार. मला दुसरा काय बी नको."

"वाजवशील रे," सकुबाई म्हणाली, "पन थांबशील कवा? उष्टी हळद घेऊन याही दारात उभा ऱ्हायला तर?"

आमच्याकडची रीत अशी, की नवऱ्याला लावून उरलेली हळद घेऊन नवऱ्याकडची माणसं येतात, तेव्हा नवरीच्या बापानं मांडवाच्या दारात जाऊन ते ताट दोन्ही हातांनी घ्यायचं. दुसऱ्या कुणाच्या हातात देत नाहीत. बाप आला नाही तर तो अपमान, आणि अशा अपमानावरून परत फिरलेली हळद मी माझ्या डोळ्यांनी बघितली आहे. सकुबाईचा जीव त्यातच अडकला होता. तिचं बरोबर होतं. पण जैतूचा चेहरा बघवेना. आयुष्यात या माणसानं मागून काही घेतलं नव्हतं.

प्रेमा तांदूळ निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "वाजवूं दे गो आये. एकच गानं वाजवतील आन थांबतील. ना बाबा?"

जैतू म्हणाला, "थांबन."

हळदीच्या दिवशी लोडशेडिंग. मांडवातले दिवे आणि पार्टीचं मशीन, दोन्ही माझ्या एकाच जनरेटरवर. संध्याकाळी, दिवेलागणीच्या वेळी प्रेमाला पाटावर बसवलं. हिरव्या चुड्याचे हात मांडीवर ठेवून बसली होती, हळदीच्या ताटाची वाट बघत. पाटावरच्या नवरीनं उठायचं नाही आणि मोठ्यानं बोलायचंही नाही. बाहेर अंगणात तिघांनी वाजवायला सुरुवात केली. जैतूनं नवा पांढरा सदरा घातला होता. त्याची बटणं खाली-वर लागली होती, पण तोंडावर असं काही होतं की मी ते सांगायच्या भानगडीत पडलो नाही.

त्या दिवशी ते जे वाजलं, ते मी पुन्हा कुठं ऐकलं नाही. गाणं कुठलं, ते आजही ठाऊक नाही. खालून धुम आणि धाम चालत होतं, वर तो फाटका बेंजो रडत होता की भांडत होता, कळत नव्हतं. बायका हातातली कामं टाकून उभ्या राहिल्या. माझ्या अंगावर काटा आला आणि मला त्याचा राग आला, कारण काटा येण्यासारखं त्यात काय होतं ते मला सापडेना. डोळे पुसावेत की कान झाकावेत, असं झालं.

आणि तेवढ्यात देवरामची जीप आली.

पाच-सहा माणसं उतरली. देवराम हळदीचं ताट घेऊन मांडवाच्या दारात उभा राहिला. सकुबाई धावत अंगणात गेली आणि जैतूच्या कानाशी ओरडली. जैतूनं डोळे उघडले. त्यानं व्याह्याला बघितलं. सगळं त्याला कळलं, हे मला त्याच्या तोंडावर दिसलं. त्यानं लखमाकडं बघितलं. लखमानं धाकलूकडं बघितलं. धाकलूनं घाम गाळत जैतूकडं बघितलं. हात कुणाचाच थांबेना. जैतूचे डोळे दारात आणि बोटं बेंजोवर, जणू दोन वेगळ्या माणसांची. मला वाटतं, डोक्यावरची ती बॅटरी इतक्या वर्षांनंतरही त्यानं खाली ठेवली नव्हती.

देवरामची मान ताठ व्हायला लागली. "आमी काय तमाशा बघायला आलोय?" तो म्हणाला. मागचा एक म्हणाला, "चला दादा, मागं फिरूं." मी जनरेटरकडं धावलो. बटणावर हात ठेवला आणि तसाच उभा राहिलो. बटण दाबलं तर बेंजो थांबेल, पण मांडवातही अंधार होईल. ऐन हळदीला, नवरी पाटावर असताना अंधार करायचा? तो अपशकुन कोण माथी घेणार? दाबू की नको, दाबू की नको, मला काही सुधरेना. अंगणात सगळे एकमेकांकडं बघत होते आणि कुणालाच काय करावं ते समजत नव्हतं. देवरामनं पाय मागं घेतला.

मांडवातून आवाज आला.

"बाबा, बास करा! भाकर थंड होते!"

तिघांचे हात जागच्या जागी थांबले.

इतकं शांत झालं की माझ्या जनरेटरचीच मला लाज वाटली. पाटावर प्रेमानं तोंडावर हात घेतला होता. कुणीतरी खुदकन हसलं, मग सगळा मांडव हसला. पण जैतू हसला नाही. त्यानं बेंजो खाली ठेवला, सवयीनं उठला, रांजणाकडं गेला, दोन्ही हात धुतले, आणि ओले हात घेऊन पोरीसमोर येऊन उभा राहिला. भाकरीची वाट बघत. मग त्याला पाट दिसला, चुडा दिसला. तो तिथंच लहान पोरासारखा रडायला लागला. मांडवातलं हसू आपोआप विरलं.

प्रेमा हळूच म्हणाली, "दारात जा बाबा. हळद घ्या."

तो गेला. त्यानं ओल्या हातांनीच ताट घेतलं. देवरामनं त्याच्याकडं बघितलं, मिशीवरून हात फिरवला, आणि गोंधळून मला विचारलं, "काय ओ, ते गानं संपलं का मधीच थांबलं?" मी म्हटलं, "व्याहीबुवा, मला विचारू नका." तो म्हणाला, "नाय, माझा पाय हलत व्हता म्हनून इचारलं."

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. पाठवणीच्या वेळी जीपमध्ये बसायच्या आधी प्रेमा हातगाडीपाशी गेली. खिळ्यावरची शिट्टी काढली, पदरानं पुसली आणि बापाच्या गळ्यात घातली. जैतू दचकून मागं सरला. "ही मास्तरची हाय गो!"

"मास्तर गेले बाबा. आन आता मी पन चालले. तुमाला थांबवनार कोन?"

जैतूनं आभाळाकडं बघितलं, मग जीपच्या चाकाकडं. लखमा आणि धाकलू मान खाली घालून उभे होते. शेवटी तो म्हणाला, "थांबन." मला वाटतं, उभ्या जन्मात त्याला एवढं अवघड दुसरं काही बोलावं लागलं नसेल.

त्यानंतर त्यांच्या गाण्याला शेवट असायला लागला, म्हणून सुपाऱ्याही चार जास्त मिळायला लागल्या. नाचायचं कसं ते लोकांना कळलं नाहीच, पण जेवणं वेळेवर व्हायला लागली. मी पुढंही मधूनमधून माळावर जायचो, डिझेलचं निमित्त करून. ते तिघं कातळावर वाजवत असायचे. ऊन कलायला लागलं की जैतू शिट्टी ओठांत धरायचा, पण लगेच फुंकायचा नाही. आधी गावाकडून येणाऱ्या पायवाटेकडं बघायचा. लखमा आणि धाकलूही वाजवता वाजवता तिकडंच बघायचे. वाटेवर कुणी नसायचं. मग तो फुंकायचा.